देव उजळायची खोली

परवा तुमच्या बाबाचा फोन आला होता. त्याने दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या दोन्हींची उत्तरं मला तुम्हाला द्यायची आहेत. पहिली अशी की यंदा तुमच्या तिकडच्या घरात घट बसवायचे आहेत, तर इथले टाक उजळून कुणातरी येणाऱ्याबरोबर पाठवावेत. दुसरी त्याने फोन ठेवता ठेवता सांगितली. थंडीत धाकटीला खोकला धरतो म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं होतं. घराण्यात कुणाला छातीचा आजार होता का असं तिथे विचारलं, आणि बाबाने सांगितलं की आजोबांना दमा होता, पणजोबांनाही होता.

बाबाशी या विषयावर बोलायचं मी केव्हाच सोडलं आहे. म्हणून तुम्हा नातवंडांना लिहिते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. लागू दे.

आधी टाक म्हणजे काय ते सांगते. दोन-तीन बोटांच्या रुंदीचा चांदीचा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेला देव. कुणाची देवी, कुणाचा खंडोबा, कुणाचा भैरव. चांदी पातळ असते, म्हणून तिला मागून तांब्याचा पत्रा जोडतात. हे तांबं लक्षात ठेवा. वर्षभर तेल, कुंकू आणि समईची काजळी बसून टाक काळे पडतात. नवरात्रात घट बसायच्या आधी ते लखलखीत झाले पाहिजेत, म्हणून लोक ते फडक्यात बांधून सोनाराकडे आणतात आणि म्हणतात, देव उजळून द्या.

आपलं दुकान तुळजापुरात, मंदिराच्या रस्त्याला लागून असलेल्या गल्लीत. नवरात्राच्या आधी काही दिवस देवीला गाभाऱ्यातून हलवून पलंगावर निजवतात. मंचकी निद्रा म्हणतात त्याला. देवी निजायची त्या दिवसांत आमच्या गल्लीला डोळा लागत नसे, कारण अख्ख्या जिल्ह्याचे देव तेव्हाच उजळायला यायचे.

त्या कामाच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे, उजळायला दिलेला देव परक्याच्या नजरेस पडता कामा नये. देव्हाऱ्यातून उठवलेला, कुंकू पुसलेला देव गिऱ्हाइकाला आपल्या घरच्या उघड्या माणसासारखा वाटायचा. म्हणून मागच्या खोलीत, दार लावून काम. दुसरी रीत, देव रात्री परघरी ठेवायचा नाही. सकाळी उठवायचा, त्याच्या जागी सुपारी मांडायची आणि दिवेलागणीच्या आत देव परत आणून बसवायचा.

आता रिठ्याने टाक उजळायला निदान दोन दिवस लागतात. रिठे भिजवायचे, उकळायचे, टाक त्या पाण्यात ठेवायचे, हलक्या हाताने घासायचे, पुन्हा ठेवायचे. दिवेलागणीच्या आत ते होणारं काम नाही. तेजाबात मात्र डोळ्यांदेखत होतं. तेजाब म्हणजे ॲसिड. सगळी गल्ली तेजाब वापरायची आणि सगळी गल्ली रिठा सांगायची. कारण घरचा देव तेजाबात बुडवला हे कळलं असतं तर एकानेही पुन्हा फडकं सोडलं नसतं.

आपल्या दुकानात पुढेच एका पितळी घंगाळात रिठ्याचा फेस काढून ठेवलेला असायचा. तो दाखवायला. कोपऱ्यात दिवसभर ऊद जळायचा. लोक म्हणायचे, किती भाविक माणूस. तो ऊद तेजाबाचा वास मारायला होता. मागच्या खोलीला गल्लीकडे एक खिडकी होती, ती तुमच्या पणजोबांनी विटा लावून बुजवली होती. तीही त्याच वासासाठी.

मी धाराशिवच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सकाळच्या एसटीने जायचं, दुपारच्या एसटीने परतायचं. मी गल्लीत शिरले की माझा धाकटा दीर, म्हणजे तुमचे काकाआजोबा, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "गप बसा रे, साहेबीण आली." तोही दुकानातच बसायचा, पण पुढच्या बाजूला, गादीवर. गिऱ्हाईक बोलतं ठेवणं हे त्याचं काम. मागच्या खोलीत तुमचे आजोबा.

मी खिडकीबद्दल कितीदा बोलले असेन. "अहो, ती खिडकी उघडून घ्या. तुमचे पुढचे दात बघा कसे झिजलेत. तुम्ही काय तेजाब पिता का?"

"फोडतो की खिडकी," ते म्हणायचे. "मग तू गल्लीत हुभी ऱ्हा आन् येणाऱ्या-जाणाऱ्याला इंग्रजीत समजावून सांग वास कशाचा येतोय ते."

ते असेच बोलायचे. आजोबा तुम्हाला फोनवर फक्त खोकताना आणि धापा टाकताना ऐकू आले, म्हणून हे सांगते. ते गमत्या माणूस होते. त्यांच्यापुढे माझं इंग्रजीही चालायचं नाही आणि मराठीही.

एका वर्षी मंचकी निद्रेच्या दिवसांत ईटहून एक म्हातारे गृहस्थ आले होते. ईट हे भूम तालुक्यातलं मोठं गाव. घरचे खाऊनपिऊन सुखी, जमीनजुमला चांगला. जीप करून आले होते आणि मांडीवर धोतराच्या फडक्यात त्यांच्या कुळदेवीचा मुखवटा होता. तो टाकापेक्षा कितीतरी मोठा, आतून तांब्याचा, आणि कित्येक वर्षांत कुणी उजळलेला नव्हता. मी एसटीतून उतरून आले तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर बसून बंद दाराकडे पाहत होते.

"दार नीट लागलंय न्हवं?" ते दिराला विचारत होते.

"आतून कडी हाय, काका."

"फटीतनंबी कुणी बघाया नको. आमच्यातल्या सुनांनीसुदीक तिला अशी बघितलेली न्हाय. आन् दिवं लागायच्या आत मला ईटला पोचायचंय. दूरचा पल्ला हाय."

"पोचाल की. भाऊ हात चालवतोयच."

मी घरात गेले. घर दुकानाच्या मागेच, मध्ये फक्त ती खोली. चहा ठेवला तोवर खोलीचं आमच्याकडचं दार उघडलं आणि तुमचे आजोबा बाहेर आले. त्यांच्यामागून धूर आला. नेहमीचा पांढुरका नव्हता. विटकरी रंगाचा, जड, जमिनीलगत सरकणारा. काजळीचा थर निघेना म्हणून त्यांनी पाणी न घालता तेजाब ओतलं होतं, वर भांडं शेगडीवर ठेवलं होतं, आणि आतलं तांबं तेजाबाला लागून हा धूर सुटला होता. घाई होती ना. दिवेलागण गाठायची होती.

मी तोंडावर पदर धरून त्यांना अंगणात ओढलं. ते खोकले, डोळे पुसले, खाली बसले. मग गुळाचा खडा मागितला. धुरावर गूळ खाल्ला की धूर छातीत राहत नाही, पोटात उतरतो, असं गल्लीत सगळे मानायचे.

"बरं वाटतंय का?"

"मला काय झालंय? म्हातारी देवी निघाली बघ कशी. नवी नवरी दिसतीय."

खरोखरच थोड्या वेळाने त्यांना काही वाटेनासं झालं. चहा प्यायले. धूर बसल्यावर पुन्हा आत गेले, मुखवटा धुतला, पुसला आणि फडक्यात बांधून बाहेर नेऊन दिला. ईटच्या गृहस्थांनी फडक्याची एक घडी उचलून आत पाहिलं, मुखवटा कपाळाला लावला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "कशानं एवढी उजळली?" त्यांनी विचारलं. "रिठा," तुमचे आजोबा म्हणाले, "आन् तुमची भक्ती." जीप गेली.

या धुराचं असंच असतं हे मला नंतर कळलं. तो माणसाला आधी सोडून देतो. काही तास माणूस हिंडतो, फिरतो, जेवतो, आणि मग छातीत पाणी भरायला लागतं.

संध्याकाळी त्यांना दम लागायला लागला तेव्हा ते दुकानात होते. दिराने त्यांना तिथूनच कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं आणि सांगितलं, दमा आहे, वडिलांनाही होता. डॉक्टरने दम्याचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. मला दोघांनीही सांगितलं नाही. जेवताना ते कमी बोलले, मला वाटलं थकले असतील. उजाडता उजाडता मला जाग आली ती त्यांच्या श्वासाच्या आवाजाने. उशीला टेकून बसले होते, ओठ निळे, आणि ओठांच्या कडेला गुलाबी फेस.

दिराने गाडी काढली. सोलापूरच्या रस्त्याला लागल्यावर तो मागे न पाहता म्हणाला, "वहिनी, तिथं तेजाबाचं काढू नका. दमा म्हणू. दवाखान्यात आपल्याकडचीच माणसं असत्यात. एकाच्या कानावर गेलं की नवरात्राआधी गल्लीत बोभाटा होईल. आपलं एकट्याचं न्हाय, सगळ्या गल्लीचं हाय हे."

तुमच्या आजोबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी एक बोट उचलून स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

दवाखान्यात दिराने सुरुवात केली. दमा आहे, जुना आहे, घराण्यातच आहे. डॉक्टर तरुण होते, ते लिहून घेत होते. मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. काय हुंगलं, किती वेळ, धुराचा रंग कसा होता, कधी बरं वाटलं आणि कधी पुन्हा सुरू झालं, ओळीने सगळं. आयुष्यभर ज्या भाषेत मी दुसऱ्यांच्या परीक्षेची तयारी करून घेतली, ती त्या दिवशी मला एकदाच खरोखर उपयोगी पडली. दिराला त्यातला एकच शब्द कळला, ॲसिड. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुकानाला काडी लावली होती.

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. ते मराठीत म्हणाले, "काल दुपारी? आणि हे आत्ता सांगताय?"

"काल संध्याकाळी दाखवलं होतं," दीर म्हणाला. "इंजेक्शन दिलं त्यांनी."

"त्यांना धुराचं सांगितलं होतं?"

"न्हाय."

"मग त्यांनी काय करायचं?" डॉक्टर म्हणाले, आणि आत पळाले.

तुमचे आजोबा वाचले. आधी नळीवर, मग मास्कवर, मग घरी. घरी आल्यावर थोडे दिवस वाटलं की निभावलं. पुढे पुन्हा दम लागायला लागला आणि तो कायमचा राहिला. डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं. फुफ्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या भाजून आतून आक्रसल्या होत्या, त्या परत मोकळ्या होणार नव्हत्या. पहिल्याच संध्याकाळी नीट उपचार झाले असते तर एवढं झालं नसतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, कदाचित. त्या कदाचितवर मी इतकी वर्षं जगते आहे.

तुमच्या आजोबांनी मला कधी विचारलं नाही की तू डॉक्टरला का सांगितलंस. ते एवढंच म्हणाले, "तू बोललीस," आणि तोंड भिंतीकडे केलं. जीव वाचला याचा आनंद त्यांच्या तोंडावर मला दिसला नाही. बोभाटा व्हायचा तो झालाच. नवरात्र संपायच्या आत गल्लीतले लोक आमच्या दारावरून जाताना आवाज खाली करायला लागले. भेटायला कुणी आलं नाही.

मग एके दिवशी ईटचे ते गृहस्थ आले. ते आपण होऊन आले हे पाहून मला बरं वाटलं. आजोबा पलंगावर बसलेले, नाकात ऑक्सिजनची नळी, बाजूला यंत्र घरघरतंय. गृहस्थांनी यंत्राकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, खुर्चीच्या कडेवर बसले. तब्येत कशी आहे हे त्यांनी विचारलं नाही.

"एक विचारायला आलोय," ते म्हणाले. "लोक म्हणत्यात, आमच्या देवीला तुमी तेजाबात बुडिवलं. खरं का खोटं, तेवढं सांगा. घरात बायका जेवंनात."

तुमच्या आजोबांनी श्वास गोळा केला. एक वाक्य बोलायचं तर त्यांना आधी थांबावं लागायचं, विहिरीतून पोहरा वर येईपर्यंत थांबावं तसं.

"न्हाय," ते म्हणाले. "रिठाच व्हता."

"मग हे?" त्यांनी नळीकडे बोट केलं.

"माझीच चूक. देवी निजलेली असताना... तिच्या तोंडाला हात लावला. तिनं दाखवलं."

मी दारात उभी होते. मी म्हटलं, "काका, तेजाबच होतं. आणि दार लावून घ्यायला तुम्हीच बसला होतात पायरीवर. घाईही तुमचीच."

"आत जा," तुमचे आजोबा म्हणाले. त्या दोन शब्दांसाठी त्यांनी उरलेला सगळा श्वास खर्च केला. मग बराच वेळ ते नुसते वाकून बसले होते.

गृहस्थ उठले. माझ्याशी ते रागाने बोलले नाहीत, उलट समजावून बोलले. "बाई, शिकलेल्या हायसा तुमी. पण घरच्या माणसानं असं बोलू नये. त्यो आजारी हाय." मग तुमच्या आजोबांच्या पायाशी वाकून म्हणाले, "देवी बघून घेईल. माफ करील." ते हलक्या मनाने गेले. त्यांची देवी शाबूत होती.

पुढच्या वर्षी ईटहून पुन्हा गिऱ्हाइकं आली. गल्लीही माफ करायला लागली. आजोबांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं ना, की देवीचा कोप झाला. ज्यांना कोप म्हणायला लाज वाटायची ते दमा म्हणायचे. तुमचा बाबा तेव्हा तिकडेच नोकरीला होता. माझ्या दिराने त्याला फोनवर दमा सांगितला. मी तेजाब सांगितलं. त्याने दमा घेतला. तो मला म्हणाला, "आई, आता ते उकरून काय मिळणार आहे? काकाला दुकान चालवायचंय." तो इंजिनिअर आहे. धूर म्हणजे काय हे त्याला मी शिकवायला नको.

तुमचे आजोबा आणखी काही वर्षं त्या पलंगावर होते. शेवटी शेवटी मंदिराची घंटा ऐकू आली की हात जोडायला उचलायचे आणि अर्ध्यातच खाली ठेवायचे, तेवढाही दम नसायचा. ते गेले तेव्हा गल्लीतली सगळी दुकानं बंद राहिली, मोठा मान दिला लोकांनी. स्मशानातून आल्यावर एक जण ओट्यावर बसून म्हणत होता, "दमा लई वाईट. ह्यांच्या घराण्यातच हाय." मी आतून ऐकत होते. या घरात जन्मलेल्या एकाही लेकीला दमा झाला नाही. त्याच रक्ताचा दीर पुढे गादीवर बसायचा, तो तेव्हा ठणठणीत होता. दमा झाला तो सासऱ्यांना आणि नवऱ्याला, आणि बसायचे दोघेही त्याच खोलीत. एवढं गणित करायला कुणाला इंग्रजी यावं लागत नाही.

आता खोलीत दीर बसतो. पुढे गादीवर त्याने पगारी माणूस ठेवला आहे. दुकानाला नवी पाटी लावली आहे, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की इथे देव शुद्ध रिठ्याने उजळून मिळतील. ऊद आहेच. घंगाळ आहेच. फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टाक फडक्यात बांधत होते, तेवढ्यात तो आला.

"वहिनी, पुतण्याचा मलाबी फोन आलता. द्या इकडं. घरचेच देव हायत, संध्याकाळपतुर करून देतो."

"नको."

"अजून तेच का?"

"खिडकी फोडलीस का?"

"खिडकी फोडली तर वास गल्लीत जाईल."

"जाऊ दे."

"आन् गिऱ्हाईक?" तो हसला. हसता हसता खोकला आला, आणि तो लवकर थांबला नाही. मग त्याने खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकला. त्याचे पुढचे दात आता तुमच्या आजोबांसारखेच दिसतात. त्याला मी सोलापूरला चल, छाती दाखवू, म्हटलं. तो म्हणाला, "दाखवली की कोपऱ्यावर. दमाच हाय म्हणला." आणि उठून गेला. तुमच्या आजोबांसाठी मला जेवढा राग आला तेवढा याच्यासाठी येत नाही. उरलाच नाही.

तर त्या दोन गोष्टींची उत्तरं.

टाक मी पाठवते आहे, काळेच. सोबत रिठ्यांची पुडी आणि मऊ ब्रश आहे. रिठे रात्री भिजवा, सकाळी उकळा, पाणी गार झालं की टाक त्यात ठेवा. घाई करू नका. काळेपणा पूर्ण जाणार नाही. नाक-डोळे झिजलेले दिसतील, ते या घरात वर्षानुवर्षं तेजाबाने खाल्लेत, ते परत येत नाहीत. दोन रात्री देव्हारा रिकामा राहील. सुपारी मांडायची असेल तर मांडा, नसेल तर राहू दे. इथला देव्हारा आजपासून रिकामाच आहे आणि मी व्यवस्थित जेवते, झोपते.

आणि धाकटीला पुन्हा डॉक्टरकडे न्याल तेव्हा, थोरल्या, तू बाबाबरोबर जा. बाबा दमा म्हणाला तर त्याला मध्येच थांबव. मोठा आहेस, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं बोलतोस. सांग की आमच्या आजोबांना दमा नव्हता. त्यांनी बंद खोलीत तेजाबाचा धूर हुंगला होता, आणि त्यांच्या वडिलांनीही. बाबा तुझ्याकडे रागाने पाहील. पाहू दे.